मोजणी कधीपासून, खातं कोणाचं?

ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या मधल्या खाडीवर जितके नियम लागू आहेत, तितके देशातल्या फार थोड्या चिखलांच्या वाट्याला आले असतील. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून इथली तिवरं सर्वात कडक संरक्षणाच्या वर्गात मोडतात. ६ ऑगस्ट २०१५ रोजी राज्य सरकारने इथलं १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केलं. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आहे आणि उरलेलं ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये अभयारण्य आणि भोवतीचा संवेदनशील पट्टा मिळून सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्र रामसर यादीत गेलं, म्हणजे १९७१ साली इराणमध्ये झालेल्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय कराराशी जोडलं गेलं. त्याआधी १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगून ठेवलं होतं की कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. या सगळ्यावर आणखी एक थर आहे. २०१५ साली पॅरिस कराराच्या निमित्ताने भारताने जगाला शब्द दिला की २०३० पर्यंत जंगल आणि झाडोऱ्यात २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जादा साठवून दाखवू. देशाच्या वनक्षेत्राच्या बेरजेत कांदळवनही धरलं जातं. नेरुळच्या चिखलातलं तिवराचं झाड अशा रीतीने पॅरिसच्या हिशेबात जाऊन बसलं आहे.

यातले किनारा नियमन, वन कायदा आणि वन्यजीव कायदा हे थर नवी मुंबईकरांच्या परिचयाचे आहेत. कुठे रात्रीत भराव पडतो, कुठे भरतीचं पाणी अडवलं जातं, कुणीतरी फोटोसह तक्रार करतं, पंचनामा होतो. हवामानाच्या करारातून आलेला सर्वात वरचा थर मात्र आपल्याकडे जवळजवळ अनोळखी राहिला आहे. जंगल राखलं तर पैसा कोणी द्यावा, किती द्यावा, कशाच्या मोजमापावर द्यावा आणि कोणाच्या हातात द्यावा, याचे नियम गेली वीस वर्षं माँट्रियल, बाली, कानकुन, वॉर्सा, ग्लासगो, बाकू आणि बेलेम इथे लिहिले जात आहेत. त्यांची भाषा रुक्ष आहे, कागद हजारो पानांचा आहे आणि मराठीत त्यावर सलग असं फार थोडं लिहिलं गेलं आहे. ती उणीव काही अंशी भरून काढावी, हा या पुस्तकाचा हेतू.

या सगळ्या नियमांचा गाभा दोन प्रश्नांत आहे, एवढं सूत्र वाचकाने सुरुवातीलाच हाती धरावं. मोजणी कधीपासून धरायची? आणि येणारा पैसा कोणाच्या खात्यात जायचा? बाकीची पानं या दोन प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी किंवा ती टाळण्यासाठी लिहिलेली आहेत. नवी मुंबई हे शहर स्वतःच या दोन प्रश्नांवर झालेल्या संघर्षातून घडलं आहे. म्हणून जगाच्या नियमांकडे पाहायला ही जागा सोयीची आहे.

आधी नियमांची कुळकथा थोडक्यात. १९९२ च्या रिओ परिषदेत जंगलांसाठी वेगळा बंधनकारक करार व्हावा असा श्रीमंत देशांचा आग्रह होता. मलेशिया आणि भारत यांनी तो हाणून पाडला. जंगल आमच्या सार्वभौमत्वातलं आहे, तुमच्या धुराची सफाई करण्यासाठी आम्ही ते गहाण टाकणार नाही, असा तो पवित्रा होता. हाती आली ती बंधन नसलेली तत्त्वं. १९९७ मध्ये क्योटो करार झाला आणि २००१ मध्ये माराकेशला त्याचे बारकावे ठरले. त्यात नवी झाडं लावणाऱ्याला कार्बन क्रेडिट मिळण्याची सोय झाली, उभं जंगल न तोडणाऱ्याला मात्र वगळलं गेलं. मोजमाप कठीण आहे, इथे तोड थांबली तर ती शेजारच्या खोऱ्यात सरकेल, आणि जंगलाची क्रेडिट स्वस्तात बाजारात आली तर श्रीमंत देश आपली धुराडी बंदच करणार नाहीत, अशी कारणं त्यामागे होती. ती पोकळ नव्हती. पण परिणाम असा झाला की नवी झाडं लावणाऱ्याला दार उघडं राहिलं आणि राखणाऱ्याला बंद झालं.

२००५ साली माँट्रियलच्या परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी हा प्रश्न पुन्हा मांडला. जगाच्या हरितवायू उत्सर्जनात जंगलतोडीचा वाटा सुमारे १७ टक्के असल्याचा अंदाज आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्र मंडळाच्या २००७ च्या अहवालाने दिला आणि विषयाला वजन आलं. त्याच वर्षी बाली परिषदेने जंगलतोड आणि जंगलाची हानी कमी करण्याला मोबदला देण्याचा विचार अधिकृत कार्यक्रमात घेतला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘रेड’ म्हणू लागले. २०१० मध्ये कानकुनला त्यात पाच प्रकारची कामं आणि सात सुरक्षा-तत्त्वं ठरली, हरित हवामान निधीची स्थापनाही तिथेच झाली. २०१३ मध्ये वॉर्साला सात निर्णयांची चौकट पूर्ण झाली. देशाचं धोरण हवं, तुलनेसाठी संदर्भपातळी हवी, देखरेखीची यंत्रणा हवी आणि सुरक्षा-तत्त्वं पाळली जात असल्याची माहिती हवी, तरच निकालाप्रमाणे पैसा. पॅरिस कराराच्या पाचव्या कलमाने या चौकटीवर शिक्कामोर्तब केलं.

या प्रवासात भारताचा वाटा मोलाचा आहे आणि तो पहिल्या प्रश्नाशी, म्हणजे मोजणीशी, थेट जोडलेला आहे. ब्राझील किंवा इंडोनेशियात जंगल झपाट्याने तुटत होतं. तिथे तोडीचा वेग कमी झाला की तो कमी झालेला आकडा दाखवून पैसा मागता येत होता. भारताच्या अधिकृत आकड्यांनुसार आपलं वनक्षेत्र स्थिर होतं किंवा किंचित वाढत होतं, त्यामुळे नुसत्या ‘रेड’मध्ये आपल्याला दाखवण्यासारखं काही नव्हतं. दारू सोडणाऱ्याचा गावात सत्कार होतो, जो कधी प्यालाच नाही त्याच्या गळ्यात हार कोण घालणार? देहरादूनच्या भारतीय वानिकी संशोधन परिषदेने ही अडचण ओळखली आणि जंगल राखणं, शाश्वत व्यवस्थापन करणं व कार्बनसाठा वाढवणं यांनाही मोबदला हवा अशी मांडणी केली. ‘रेड’ पुढचं ‘प्लस’ हे चिन्ह त्या आग्रहातून आलं. २०१८ साली भारताने आपली संदर्भपातळी संयुक्त राष्ट्रांकडे दिली आणि राष्ट्रीय रेड प्लस धोरणही जाहीर केलं. तरी मूळ अडचण पूर्ण सुटली नाही, कारण बहुतेक पैसा अजूनही कमी झालेल्या तोडीच्या मागे जातो.

हीच अडचण नवी मुंबईच्या खाडीत वेगळ्या रूपात भेटते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर अडीच महिन्यांनी, ६ ऑक्टोबर २००५ रोजी, बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यावर आणि त्याच्या भोवती ५० मीटरमध्ये बांधकाम करण्यावर बंदी घातली. सरकारी जमिनीवरचं कांदळवन वनखात्याकडे सोपवायला सांगितलं. त्यातून २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष उभा राहिला, २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आलं आणि ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सुरू झालं. २०१८ च्या निकालाने बंदी कायम केली. देशात कांदळवनासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन करण्यात महाराष्ट्र पुढे राहिला, तो न्यायालयाच्या रेट्यामुळे आणि चिकाटीने तक्रारी करणाऱ्या नागरिकांमुळे.

आता कार्बन बाजाराचा नियम पाहा. ज्या गोष्टीला कायद्याने आधीच संरक्षण आहे तिच्यासाठी क्रेडिट मिळत नाही. पैसा आला नसता तरी ते जंगल वाचलंच असतं, मग पैशाने जादा काय घडलं, असा सवाल नियम विचारतो. तर्क म्हणून तो बिनतोड आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की ज्या राज्याने आपल्या नागरिकांच्या आणि न्यायालयाच्या बळावर कांदळवन वाचवलं, त्याला बाजारात काही विकता येत नाही, आणि जिथे कायदा ढिला आहे तिथे मात्र प्रकल्पाला जागा निघते. चांगल्या कायद्याला दंड करणारा हा नियम कुणी दुष्टाव्याने लिहिलेला नाही. मोजणी ‘नाहीतर काय झालं असतं’ या काल्पनिक रेषेपासून सुरू केली की असे परिणाम आपोआप निघतात. २०२३ च्या जानेवारीत ‘गार्डियन’, ‘डी त्साइट’ आणि ‘सोर्समटेरियल’ यांनी वेरा या प्रमाणन संस्थेच्या वर्षावनातल्या क्रेडिटची तपासणी करून त्यातली ९० टक्क्यांहून अधिक प्रत्यक्ष कपात दाखवत नाहीत असा निष्कर्ष काढला. वेराने तो फेटाळला. वाद याच काल्पनिक रेषेवर होता. रेषा वर ओढली की न झालेली तोड भरपूर दिसते.

मोजणीचा दुसरा घोळ झाडं मोजण्याचा. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा नियोजित मार्ग घणसोली ते शिळफाटा या टापूतून जातो आणि त्यातला सुमारे सात किलोमीटरचा बोगदा ठाणे खाडीखालून आहे. या मार्गासाठी सुरुवातीला ५० हजारांहून अधिक कांदळवृक्ष तोडण्याची परवानगी मागितली होती. आराखडा बदलून तो आकडा सुमारे २२ हजारांवर आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला संमती दिली. बदल्यात पाचपट रोपं लावायची. पाचपट हा आकडा ऐकायला भरघोस आहे. पण कांदळवनातला कार्बन झाडात कमी आणि चिखलात जास्त असतो. हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या कांदळवनांच्या २०११ साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन आढळला आणि त्यातला बहुतांश जमिनीत होता. शतकानुशतकं भरती-ओहोटीने थर चढवून साठवलेला हा साठा पिशवीतल्या रोपांच्या गुणाकाराने भरून येत नाही. रोप जगलं का, त्याला खारं पाणी मिळतं का, निवट्या आणि चिंबोरी परत आली का, हे प्रश्न तर वेगळेच. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं, टेकडी कापली गेली. अशा ठिकाणी झाडांची संख्या ही सर्वात सोपी आणि सर्वात कमी सांगणारी मोजणी ठरते.

नियमांचं दुसरं अंग पैशाचं. हवामानाचा पैसा जंगलाकडे मुख्यतः तीन वाटांनी येतो आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्यातल्या दोन प्रत्यक्ष पाहायला मिळतात. पहिली वाट अनुदानाची. दक्षिण कोरियातल्या सोंगडो इथे मुख्यालय असलेल्या हरित हवामान निधीने ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा यांच्या किनारी लोकांसाठी सुमारे ४ कोटी ३४ लाख डॉलरचा प्रकल्प मंजूर केला. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम त्यात मध्यस्थ आहे आणि आपल्याकडे कांदळवन कक्ष हे काम पाहतो. कांदळवन पुन्हा उभं करणं आणि त्याच्या जोडीला खेकडापालन, कालवं, निसर्ग पर्यटन अशी उपजीविका, असं त्याचं रूप आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. सिंधुदुर्गात आधी झालेल्या अशा कामांमुळे या वाटेला थोडा विश्वास मिळाला. पण या प्रकल्पाचा एकूण खर्च सुमारे १३ कोटी डॉलरचा होता आणि त्यातला दोन तृतीयांश आपल्याच राज्यांच्या तिजोरीतून यायचा होता. परदेशी निधीच्या पाटीमागे बहुतेक पैसा देशातलाच असतो, हे आकडे नीट वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसरी वाट निकालावर मिळणाऱ्या पैशाची. नॉर्वेने २००८ मध्ये ब्राझीलच्या ॲमेझॉन निधीला एक अब्ज डॉलरपर्यंत देऊ केले, ते या तत्त्वावर. हरित हवामान निधीनेही ५० कोटी डॉलरची प्रायोगिक योजना आखली आणि २०१९ मध्ये पहिला हप्ता ब्राझीलला मंजूर झाला. तिसरी वाट बाजाराची. ॲपल कंपनीने पुण्याच्या ॲप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनला अनुदान देऊन रायगड जिल्ह्यातल्या कांदळवनांसाठी गावांशी संवर्धन-करार करण्याचं काम २०२१ च्या सुमारास सुरू केलं. पुढे कार्बनचं मोल गावापर्यंत पोचू शकेल का, याची ती चाचपणी आहे. भारताने फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखालच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी १३ कामांची यादी जाहीर केली, तिच्यात जंगल नव्हतं. मार्च २०२५ मध्ये देशांतर्गत कार्बन बाजारासाठी मान्य झालेल्या आठ पद्धतींत मात्र कांदळवनाला जागा मिळाली. तीही लागवडीला आणि पुनर्लागवडीला. उभं कांदळवन राखण्याला अजून नाही. २००१ च्या माराकेशची सावली इतकी लांब पडते.

उभ्या जंगलाला थेट पैसा देण्याचा नवा प्रयत्न २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बेलेम इथे ब्राझीलने सुरू केला. उष्णकटिबंधीय वनांसाठीचा हा कायम निधी आहे. भांडवल गुंतवायचं, त्याच्या परताव्यातून दर हेक्टरी वर्षाला सुमारे चार डॉलर द्यायचे आणि त्यातला किमान २० टक्के वाटा आदिवासी व स्थानिक समुदायांसाठी ठेवायचा, असा त्याचा नियम. १२५ अब्ज डॉलरचं स्वप्न आहे, परिषदेत सहा अब्जांहून थोडी अधिक हमी आली. भारत निरीक्षक म्हणून सामील झाला. मोजणीचा जुना वाद इथे बराचसा मिटतो, हे या योजनेचं खरं यश. दराकडे मात्र डोळेझाक करता येत नाही. निव्वळ कल्पना यावी म्हणून हाच दर ठाणे खाडी अभयारण्यातल्या ८९६ हेक्टर कांदळवनाला लावून पाहा. वर्षाला साडेतीन हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे तीन लाख रुपयांच्या घरात रक्कम निघते. स्थानिक लोकांचा पाचवा हिस्सा साठ-पासष्ट हजार. खाडीसमोर घर असणं हीच जिथे जाहिरात असते, त्या पाम बीच मार्गाच्या कडेला या पैशाने कुठल्याच बिल्डरचं मन वळणार नाही. शहराच्या दारातलं जंगल पैशाने वाचेल ही आशा त्यामुळे बाळगू नये. ते कायद्याने वाचतं, आणि कायदा जागा ठेवणाऱ्या लोकांमुळे वाचतं.

मग पैशाचा उपयोग काय? इथे दुसरा प्रश्न येतो, खात्याचा. या प्रश्नाचं या भूमीवरचं उत्तर बेलेमच्या कितीतरी आधीचं आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको ही सरकारी नगरविकास कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचं शहर वसवायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खारजमिनी सरकारजमा होऊ लागल्या. मोबदला एकदाच आणि शेतीच्या दराने, वाढलेली किंमत मात्र शहराची. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि नवघर फाट्यावर गोळीबार झाला, पाच जणांचा बळी गेला. त्यातून पुढे १९९० मध्ये घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. प्रकल्पाच्या पुढच्या लाभात मूळ मालकाचा वाटा असतो, हे तत्त्व सरकारने मान्य केलं, आणि विमानतळाच्या वेळी २०१४ मध्ये तो आकडा साडेबावीसवर गेला.

साडेबारा टक्क्यांची पुढची कथाही तितकीच शिकण्यासारखी आहे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होऊन हाती पावणेनऊ उरतात, हे प्रत्येक प्रकल्पग्रस्ताला तोंडपाठ असतं. वाटपाला वर्षं लागली, वारसांचे वाद झाले, अनेकांनी भूखंडाचं पत्र हाती येण्याआधीच हक्क विकून टाकला. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, अशा कुळांना आणि खाडीवर जगणाऱ्यांना त्या टक्केवारीत जागाच नव्हती. आंतरराष्ट्रीय नियमांत आता २० टक्के स्थानिकांना असं लिहिलं गेलं आहे. नवी मुंबईचा अनुभव सांगतो की टक्का लिहिला जाणं ही सुरुवात असते. वजावट कोण ठरवणार, यादी कोण करणार, विलंबाचं व्याज कोण भरणार, हे सोबत लिहिलं नाही तर टक्का कागदावरच झिजतो.

सातबारा नसलेल्यांचा प्रश्न खाडीत सर्वात टोकदार आहे. कोळ्याच्या नावावर पाणी नसतं. कालवं, कोळंबी, जिताडा यांचा सातबारा निघत नाही. तरी २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम पीठाने उरणच्या पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारीवर मोलाचा निर्णय दिला. बंदराच्या विस्तारात भरती-ओहोटीचं पाणी अडलं, कांदळवन गेलं, मासळीच्या जागा गेल्या, म्हणून १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी, असा तो आदेश होता. मालकी नसली तरी वहिवाट आणि उपजीविका यांचं मोल पैशात धरता येतं, हे त्यात मान्य झालं. २००६ च्या वनहक्क कायद्यातही सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि पाणवठ्यांतल्या इतर उत्पादनांचा उल्लेख स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय नियम ‘आदिवासी आणि स्थानिक समुदाय’ असा शब्दप्रयोग करतात, त्यातल्या दुसऱ्या शब्दात कोळीवाडे बसतात. पण ते बसवण्यासाठी देशांतर्गत कायद्याचा कागद आधी हाती हवा.

असा कागद हाती आला की काय होतं, ते गडचिरोलीत दिसतं. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी त्याआधी दोन दशकं ग्रामसभेचा पाया घातला होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं आणि वनखात्याच्या सहीशिवाय गावाचा बांबू बाजारात गेला. बांबूचा हक्क मिळाला तसा उद्या कार्बनचाही मिळायला हवा. मेघालयातल्या पूर्व खासी टेकड्यांत दहा हिमांच्या, म्हणजे खासींच्या पारंपरिक स्वशासन-संस्थांच्या, संघाने चालवलेला सामुदायिक प्रकल्प याची झलक देतो. तिथे कार्बनचा पैसा समुदायाच्या संस्थेकडे येतो, कारण जमीनच त्यांची आहे. खातं कोणाचं, हा प्रश्न शेवटी जमिनीच्या आणि हक्काच्या कागदावर येऊन टेकतो.

किनाऱ्यावर याची आणखी एक गुंतागुंत आहे. रायगडात पेण-अलिबाग भागात खारबंदिस्ती फुटली की खारं पाणी भातखाचरात शिरतं, बंधारा वेळेवर दुरुस्त होत नाही आणि काही वर्षांत खाचरात तिवरं उभी राहतात. शेतकऱ्याचा सातबारा शाबूत, शेत मात्र जंगल झालेलं. तोडलं तर गुन्हा, राखलं तर उत्पन्न नाही. उपग्रहाच्या चित्रात तो हिरवा ठिपका देशाच्या कार्बनसाठ्यात जमा होतो. या शेतकऱ्याने काही न करता देशाचं वचन थोडं पुरं केलं आहे आणि त्याच्या वाट्याला फक्त नुकसान आलं आहे. हवामान वित्ताला खरंच न्याय करायचा असेल तर तो इथे करून दाखवता येईल.

या विषयावर दोन टोकाची मतं आपल्याकडे ऐकू येतात. एक म्हणतं, जंगलाला किंमत लावली की ते विकाऊ होतं, म्हणून हा सगळा व्यवहारच नाकारावा. दुसरं म्हणतं, कुठूनही येवो, पैसा येतोय तर नियमांची चिकित्सा कशाला. पहिल्याला नवी मुंबईची आठवण द्यावी लागते. इथल्या खाडीला किंमत आधीच लागली होती, भरावाच्या जमिनीच्या रूपाने, आणि त्या व्यवहारात राखणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्याला बाकूची आठवण द्यावी. २००९ साली कोपनहेगनला दिलेलं वर्षाला १०० अब्ज डॉलरचं वचन २०२० पर्यंत पुरं व्हायचं होतं. विकसित देशांच्याच हिशेबाने ते २०२२ मध्ये पुरं झालं. २०२४ मध्ये बाकूला २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर असं नवं उद्दिष्ट घाईने संमत झालं, तेव्हा भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी भर सभेत कडक आक्षेप नोंदवला. आकडा अपुरा आणि पद्धत अन्यायाची, असा त्याचा आशय होता. देश म्हणून आपण जो आक्षेप जगापुढे घेतो, तोच गावाने राज्यापुढे आणि कोळीवाड्याने सिडकोपुढे घेतला तर तो विकासविरोध ठरू नये, एवढी सुसंगती आपण ठेवायला हवी.

कानकुनच्या सात सुरक्षा-तत्त्वांत स्थानिकांचे हक्क आणि ज्ञान यांचा आदर, पूर्ण आणि परिणामकारक सहभाग, नैसर्गिक जंगलाच्या जागी लागवड न करणं, तोड दुसरीकडे न सरकणं, हे सगळं आहे. ही तत्त्वं कुणी बाहेरून आपल्यावर लादलेली नाहीत. विकसनशील देशांतल्या लोकांच्या आणि चळवळींच्या दबावाने ती त्या कागदात आली. पण ती पाळली गेली का, याची माहिती सरकार देतं आणि ती तपासायला सरकारांबाहेरचं कुणी फारसं नसतं. ते तपासणारा वाचक, पत्रकार, ग्रामसभेचा सदस्य आपल्या भाषेत तयार झाला पाहिजे. त्यासाठी पुढच्या प्रकरणांत करारातले शब्द सोडवून सांगितले आहेत, आकड्यांमागची पद्धत उलगडली आहे आणि शक्य तिथे महाराष्ट्रातलं उदाहरण दिलं आहे. अनुक्रमाने वाचायलाच हवं असं नाही. ज्यांना पैशाच्या वाटांची उत्सुकता आहे त्यांनी तिथून सुरू करावं, ज्यांच्या गावात करार येऊ घातला आहे त्यांनी हक्कांच्या प्रकरणापासून.

आणि करार येणार आहेत. देशांतर्गत कार्बन बाजार सुरू होतो आहे, कांदळवनाच्या लागवडीला त्यात मान्यता आहे, केंद्राच्या मिष्टी योजनेत ५४० चौरस किलोमीटरवर कांदळवन उभं करण्याचा संकल्प २०२३ मध्ये झाला आहे, खासगी कंपन्या किनाऱ्यावर जागा शोधत आहेत. एखाद्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कुणीतरी तीस वर्षांच्या कराराचा मसुदा घेऊन येईल. त्या दिवशी सही करण्याआधी त्याला निदान इतकं विचारावं: कोणत्या वर्षापासून मोजणार, आणि आम्ही आधी राखलेलं त्यात धरणार की नाही? झाडं मोजणार की चिखलही? पैसा थेट ग्रामसभेच्या खात्यात येणार की वाटेत कुणाकुणाकडे थांबणार, आणि वजावट किती? सातबारा नसलेल्या कोळ्याचा हिस्सा कोणत्या कलमात आहे? मधेच बंधारा फुटला किंवा रस्ता आला तर नुकसान कोणाच्या अंगावर? उत्तरं मराठीत आणि लेखी मागावीत. ती मिळाली नाहीत तर सही पुढच्या ग्रामसभेपर्यंत थांबवावी. जंगल तोवर कुठे जात नाही.